इंटरप्रिटरला इंटरप्रिटरच राहू द्या

मा. संपादक साहेब,
स. न. वि. वि.

१० ऑक्टोबरच्या जागतिक मानसिक आरोग्य दिनाला तुमच्या पुरवणीत आलेले लेख वाचले, डिप्रेशनवरचा तर आमच्या घरी सगळ्यांनी वाचला. पण कर्णबधिर माणसाला असा त्रास झाला तर तो डॉक्टरांशी बोलणार कसा, यावर सगळ्या पुरवणीत एक ओळ नाही. मी आयएसएलची म्हणजे भारतीय सांकेतिक भाषेची इंटरप्रिटर आहे, माझे आईवडील दोघंही डेफ, त्यामुळे ही भाषा मी बोलायला लागायच्या आधीपासूनची. जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्हीकडे जाते. खाली जे सांगतेय त्यात गावं आणि नाती मुद्दाम बदललीत, उगाच कुणी अंदाज बांधत बसू नये.

राज्यात जुनी सरकारी मनोरुग्णालयं चार, ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी. खान्देशात नाही. मग सिव्हिलची ओपीडी, नाहीतर प्रायव्हेट. तिथे डेफ पेशंट गेला की पहिला प्रश्न "सोबत कोण आहे?" आणि सोबत जो असेल, आई, भाऊ, कधी तर नवराच, तोच दुभाषा. आता नवऱ्याच्या मारानेच जिची झोप उडालीय ती बाई ते नवऱ्याच्याच तोंडून डॉक्टरांना सांगणार आहे का? तो "काही नाही साहेब, जेवत नाही नीट" एवढं सांगतो आणि झोपेच्या गोळ्या घेऊन दोघं घरी.

बरं, इंटरप्रिटर बोलावला तरी प्रश्न सुटत नाही, कारण आमचं काम नेमकं कुठे संपतं हेच कुणाला माहीत नसतं. डॉक्टर मला विचारतात, "मॅडम, तुम्हाला काय वाटतं, हा नॉर्मल वाटतो का?" मी सांगते, सर ते तुम्ही ठरवायचं, मी फक्त तो काय म्हणतोय ते सांगणार. काहींना हा उद्धटपणा वाटतो. पण समजा एक पोरगा एकदम तुटक साइन करतोय, शेत, पोलीस, भाऊ, लाल गाडी, परत शेत, कशाचा कशाला पत्ता नाही. मी जर चांगुलपणा म्हणून त्याचं सरळ वाक्य करून दिलं की "भावाशी शेतावरून भांडण झालं आणि पोलीस आले", तर डॉक्टरांना जे दिसायला हवं होतं तेच मी झाकून टाकलं ना. म्हणून तुटक असेल तर तुटकच सांगायचं, आणि वर हेही सांगायचं की याची भाषाच तुटक आहे. ते आजारामुळे की लहानपणापासून त्याला धड भाषाच मिळाली नाही म्हणून, हे डॉक्टरांनी तपासायचं. आपल्याकडे कितीतरी डेफ पोरं घरच्या खाणाखुणांवरच मोठी होतात, शाळेत उशिरा जातात, त्यांना सरळ वेडं ठरवणं फार सोपं असतं. आणि हो, भुवया उडवणं, तोंड वाकडं करणं हे आमच्या भाषेचं व्याकरण आहे, पेशंट चिडलाय असं लगेच लिहून टाकू नका.

दुसरं म्हणजे पेशंटला आणि मला बाहेर बाकावर तासभर एकत्र बसवणं. त्याला दिवसभरात भाषा समजणारं पहिलं माणूस भेटलेलं असतं, तो मन मोकळं करणारच. "मला जगायचं नाही" हे तो मला बाकावर सांगतो आणि आत गेल्यावर डॉक्टरांना "सगळं ठीक" म्हणतो, मग मी काय करायचं? मी आधीच सांगून ठेवते, जे बोलायचं ते आत बोल, आणि जिवाचं काही बोललास तर मी ते डॉक्टरांना सांगणार, लपवणार नाही. त्यापेक्षा मी वेगळीच बसलेली बरी. आत जायच्या आधी डॉक्टरांनी मला पाच मिनिटं द्यावीत, आज काय विचारणार ते सांगावं, झाल्यावर परत पाच मिनिटं. एवढ्याने खूप फरक पडतो.

आणि घरचे! भुसावळ-सुरत लाइनच्या गाडीत डबा एकच, पेशंटची मावशी माझ्या शेजारी येऊन बसते, धरणगाव जायच्या आत सुरू, "आते सांग ना व माय, मझार काय बोलना तो?" (म्हणजे आता सांग ना गं, आत काय बोलला तो?) तिची काळजी खरीच असते, डबा उघडून भाकरी आणि ठेचा पण पुढे करते. तरी नाही सांगायचं. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात कलम २३ आहे, पेशंटची माहिती गुप्त ठेवायची, आणि पेशंटने नेमलेल्या प्रतिनिधीला किंवा जिवाला धोका असेल तर काय सांगता येतं तेही त्यात आहे. पण ते सांगणार डॉक्टर, गाडीतली मी नाही. गंमत अशी की त्या कलमात जबाबदारी आरोग्य व्यावसायिकांवर टाकलीय, दुभाष्याचं नाव नाही. मग हॉस्पिटल आमच्याकडून लेखी हमी का घेत नाही? माझ्याकडून आजवर कुणी कागदावर सही मागितली नाही.

शहरातले लोक सांगतात, पेशंटशी कामाबाहेर संबंध ठेवू नका. म्हणायला ठीक आहे हो. इथे डेफ समाज एवढासा, आज ओपीडीत भेटलेला माणूस परवा हळदीत माझ्या वडिलांच्या पंगतीला बसलेला असतो. म्हणून माझा नियम साधा, बाहेर ओळख आधी त्याने दाखवायची, मी नाही, आणि दाखवली तरी दवाखान्याचा विषय काढायचा नाही. रात्री अकराला व्हिडिओ कॉल येतात तेही मी उचलत नाही, जिवावर येतं पण उचलत नाही, कारण एकदा उचलला की मी त्याची समुपदेशक झाले, आणि ते शिक्षण मी घेतलेलं नाही. पण मग त्याने कुणाला कॉल करायचा? टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर २०२२ पासून आहे, चांगला आहे, पण ज्याला ऐकूच येत नाही त्याने फोन कानाला लावून करायचं काय?

अमेरिकेत अलाबामा राज्यात मेंटल हेल्थमध्ये काम करणाऱ्या इंटरप्रिटरसाठी वेगळं ट्रेनिंग आहे, ४० तासांचा कोर्स, मग देखरेखीखाली प्रॅक्टिकल, मग परीक्षा. आपल्याकडे दिल्लीला आयएसएलआरटीसी म्हणजे सांकेतिक भाषेचं सरकारी संशोधन आणि प्रशिक्षण केंद्र २०१५ पासून आहे, मुंबईला वाचा आणि श्रवण दोषांवर काम करणारी अली यावर जंग संस्था आहे, तिथून डिप्लोमा करून पोरं बाहेर पडतात, त्यांच्यासाठी असं काहीतरी जोडायला काय हरकत आहे? तोवर आपल्या तीन जिल्हा रुग्णालयांनी एवढं तरी करावं, ट्रेनिंग घेतलेल्या इंटरप्रिटरची यादी ओपीडीत लावावी, मानधन हॉस्पिटलने द्यावं (पेशंटच्या घरच्यांनी दिलं की ते मालक होतात, हा अनुभव आहे) आणि एका पेशंटला शक्यतो एकच इंटरप्रिटर द्यावा, पण तो त्याचा नातेवाईक किंवा शाळेतला शिक्षक नसावा.

पत्र छापलंत तर माझं नाव टाकू नका. नाव दिसलं की आमच्या ग्रुपमध्ये लगेच सुरू होईल, मागच्या महिन्यात ही कुणासोबत सिव्हिलला गेली होती.

आपली वाचक,
एक इंटरप्रिटर, अमळनेर