इंटला नावं तरी किती ठेवायची?

संपादक साहेब,

परवा पुतण्याचा कॉलेजचा सी या प्रोग्रामिंग भाषेतला प्रोजेक्ट पाहिला, चौघांनी मिळून केलेला, तर एकाच ३२ बिटच्या इंटला, म्हणजे पूर्णांकाच्या प्रकाराला, कुठं यू३२, कुठं डीवर्ड, कुठं यूइंट आणि एकानं तं सरळ अनसाइन्ड लाँग लिहून टाकलं, आता हे लाँग ६४ बिटच्या विंडोजवर ३२ बिटचं न लिनक्सवर ६४ चं, मग एकाची फाइल दुसऱ्याकडे वाचताना गडबड होईल नाही तं काय! अरे बाप्पा, १९९९ च्या सी स्टँडर्डनंच ठरलेल्या मापाची नावं देऊन ठेवली आहेत, शेवटी अंडरस्कोर टी असलेली, जसं uint32_t, तीच वापरा ना. लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, लिहिणारे यू३२ लिहितात, पण त्यांचा नियम तरी ठरलेला आहे. पुतण्या म्हणतो, सर अजून टर्बो सी या जुन्या कंपायलरचा १६ बिटचा इंटच शिकवतात.

– एक प्रोग्रामर, धरमपेठ, नागपूर