पाणी कुठं जाणार, हे आधी विचारणाऱ्या साहेबांना

आदरणीय साहेब,
सप्रेम नमस्कार.

अभ्यासिकेच्या उद्घाटनाला देणगीदारांचा, ठेकेदाराचा, गवंड्यांचा सत्कार झाला. जागेची मोजणी करून तिचा नकाशा काढून देणारे तुम्ही मात्र आला नाहीत. आला असतात तरी मंडपात मागेच बसला असतात. म्हणून हे आभार चारचौघांना वाचता येतील असे लिहितोय.

औसा तालुक्यातली ही आमची अभ्यासिकेची एक एकर जागा. "जेसीबी लावून दोन दिसात सपाट करूत की," असा बहुतेकांचा सूर होता. तुम्ही मात्र शाळेच्या पायरीवर रंगाची खूण करून तिची उंची मोजणीपुरती १०० मीटर धरली आणि भर उन्हात दर ५ मीटरवर स्टाफ, म्हणजे आकडे लिहिलेली मोजपट्टी, उभी करून लेव्हल, म्हणजे जमिनीच्या उंच्या, घेतल्या. वायव्येचा कोपरा आणि ओढ्याकडचा आग्नेय कोपरा यांत पावणेदोन मीटरचा फरक निघाला. नुसत्या डोळ्यांना तो एवढा वाटत नव्हता.

आमच्या भागात १९९३ च्या भूकंपानंतर बांधकाम म्हटलं की कॉलम किती, सळई किती हेच आधी विचारतात. त्यात काही गैर नाही, किल्लारी इथून लांब नाही. पण पावसाचं पाणी कुठून येतं आणि कुठं जातं, हे आम्हाला विचारणारे तुम्ही पहिलेच. तेही आम्हा कमिटीवाल्यांना नाही, शेजारच्या रानात गुरं राखणाऱ्या आजोबांना. वरच्या शिवाराचं पाणी जागेत नेमकं कुठून शिरतं, ते त्यांनी काठीनं दाखवलं आणि तुम्ही तिथंच खुंटी ठोकली.

काळ्या मातीचं तुम्ही जे समजावलंत ते गावानं ध्यानात ठेवलंय. ही माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. पाया कठीण मुरमापर्यंत नेला तरी भिंतीच्या कडेला पाणी मुरत राहिलं, तर फरशी उचलणार आणि कडेचं काँक्रीट तडकणार. म्हणून भिंतीपासून पहिल्या ३ मीटरांत जमीन १५ सेंटीमीटर उतरती ठेवायची आणि वरच्या अंगाचं पाणी इमारतीला शिवायच्या आत चरानं वळवायचं.

तुमच्या नकाशात जमिनीच्या आधीच्या उंचीच्या रेषा तुटक होत्या, काम झाल्यावरच्या उंचीच्या सलग. त्या दोन्हींतून जागेचे दोन टप्पे दिसले: वर अभ्यासिका, खाली मैदान. वरच्या टप्प्यातली काळी माती काढून झाडांसाठी बाजूला ठेवली. तिच्याखालचा मुरूम जोत्याच्या भरावाला आला, २० सेंटीमीटरचा एकेक थर, पाणी मारून, रोलर फिरवून. बाहेरून मुरमाचे टिपर फारसे मागवावे लागले नाहीत. कोपऱ्यातल्या लिंबाच्या बुडाशी भराव टाकायचा नाही, हेही नकाशात लिहिलेलं होतं.

मला सगळ्यात आवडला तो रॅम्प. जोतं मैदानाच्या अंगाला ६० सेंटीमीटर, वरच्या अंगाला ३०. १ ला १२ उतारानं, म्हणजे चढाच्या बारापट लांबी धरून, खालून चढायचं तर रॅम्प ७.२ मीटर लांब झाला असता. तुम्ही वाट वरच्या बाजूनं आणलीत, ३.६ मीटरमध्ये भागलं. व्हीलचेअरवरून येणारी आमची एक विद्यार्थिनी आता एकटी आत जाते.

चर शेजाऱ्याच्या बांधावर न सोडता आपल्याच हद्दीतून ओढ्यापर्यंत नेलात आणि खोदाईच्या आधी त्या शेतकऱ्याला नकाशा दाखवलात. बांधावरून कोर्टात गेलेली घरं आमच्या गावात आहेत, त्यामुळे या एका भेटीची किंमत आम्हाला बरोबर कळते.

जेसीबीवाला पोरगा सुरुवातीला कुरकुरला. तुम्ही खुंट्यांवर लाल रंगानं खोदाई आणि निळ्यानं भराव लिहून दिलात. दुपारनंतर तोच इतरांना समजावत होता.

२०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात पावसानं काय केलं, ते सांगायला नको. शिवारात गुडघाभर चिखल होता. आमच्या मैदानात पाणी साचलं, दुसऱ्या दिवशी ओसरलं. चर तुडुंब वाहिला. एका ठिकाणी काठ ढासळलाय, तिथं दगडी पिचिंग, म्हणजे काठाला दगडांचं अस्तर, करावं लागेल. जोत्याला मात्र ओल लागली नाही.

पुढच्या टप्प्यात स्वच्छतागृह आणि पाण्याची टाकी करायची आहे. शोषखड्डा कुठं घ्यायचा, यावरून कमिटीत आत्ताच दोन तट पडलेत. तुम्ही येऊन लेव्हल घेईपर्यंत कुदळ लावायची नाही, एवढ्यावर मात्र एकमत आहे. मागच्या वेळी फक्त पेट्रोलचे पैसे घेतलेत. या वेळी अंदाजपत्रकात मोजणीची फी पहिल्या ओळीत धरली आहे. ती नाकारायची नाही.

आपला,
अभ्यासिका समितीचा सचिव