ट्वेनचं तुर्कस्तान

प्रिय सुहास,

इस्तंबूलला निघण्याआधी मार्क ट्वेन, तो अमेरिकन विनोदी लेखक, वाचू का, असं विचारलंस. अवश्य वाच, फक्त त्याचं बोट धरून ते शहर पाहू नकोस.

स्वारी १८६७ साली 'क्वेकर सिटी' आगबोटीतून अमेरिकन यात्रेकरूंबरोबर निघाली. भाडं सॅन फ्रान्सिस्कोच्या एका दैनिकानं भरलं, बदल्यात पत्रं लिहायची. त्यातूनच 'इनोसंट्स अब्रॉड' झालं (१८६९). हसवायचेच पैसे घेतलेले, त्यामुळे हसवतो मात्र चोख. तुर्की हमामाची स्वप्नं तो पुस्तकं वाचून वर्षानुवर्षं रंगवत होता. प्रत्यक्षात निसरडी फरशी, पायांत लाकडी खडावा, आणि हातात खरखरीत पिशवी चढवून अंगावरची मळी सोलणारा माणूस. शेवटी हा वैतागून म्हणतो, असं घासत बसलास तर कित्येक तास लागतील, त्यापेक्षा रंधा आण! इथली थट्टा तुर्कांची कमी, गुलाबी प्रवासवर्णनांची जास्त.

कुत्र्यांवर तर तो फिदाच आहे. गल्लीत पसरलेली, हाडं निघालेली कुत्री. अंगावरून मेंढ्यांचा कळप गेला तरी जागची हलत नाहीत. बेटावर नेऊन सोडतो म्हणून त्यांना बोटीत भरलं, पण ती बेटावर पोचायचीच नाहीत, वाटेतच समुद्रात पडायची, असंही तो सांगतो. पुढे १९१० मध्ये सरकारनं हजारो कुत्री खरोखरच मार्मारा समुद्रातल्या ओसाड बेटावर सोडली, तिथं ती उपासमारीनं मेली. (जनावरांचं त्याला वेडच. १८९६ साली मुंबईत आला तेव्हा इथल्या कावळ्यांवर असाच रंगून लिहून गेला.)

माणसांवर आला की मात्र पेन घसरतं. भाषेचा गंध नाही, मुक्काम थोडा, तरी अख्ख्या जमातीला आळशी नि लबाड ठरवून मोकळा. पॅरिसमध्ये त्यानं फ्रान्सचा सम्राट तिसरा नेपोलियन आणि तुर्कस्तानचा सुलतान अब्दुलअझीझ शेजारीशेजारी पाहिले. पहिला म्हणजे प्रगती, दुसरा म्हणजे अज्ञान, असा निकाल! पुस्तक येऊन वर्षभर होतंय तोच, १८७० मध्ये, तो नेपोलियन प्रशियाच्या कैदेत. सुलतानाची गादी १८७६ पर्यंत टिकली. आणि ज्याला हा मागास म्हणतो त्याच्याच राज्यातल्या रेल्वेनं हा स्मर्नाहून (आजचं इझमिर) एफिससच्या प्राचीन अवशेषांकडे गेला.

एफिससचा प्रसंग मला सगळ्यात आवडतो. यात्रेकरूंनी कोरीव संगमरवराचे तुकडे खिशात, पिशव्यांत कोंबलेले. परतताना सरकारी अधिकारी आडवा आला. कॉन्स्टँटिनोपलहूनच (म्हणजे तुझ्या इस्तंबूलहून) हुकूम होता: या मंडळींवर नजर ठेवा, काही नेऊ देऊ नका. सगळा माल बाहेर! आणि ट्वेन प्रामाणिकपणे लिहितो, चपराक योग्यच होती. या घडीला तो मला खरा मोठा लेखक वाटतो.

पुस्तक जाडजूड आहे. कॉन्स्टँटिनोपल आणि एफिससची प्रकरणं आधी वाच, बाकीचं विमानात. कॉफीला त्यानं नावं ठेवलीत ती मनावर घेऊ नकोस. तू पिऊन बघ आणि कळव.

तुझा,
अनिल