रोधाचा आलेख आणि तलावपाळीचा फेरा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या विज्ञान पुरवणीत धातूंच्या विद्युतरोधावर लेख आला होता. असा विषय हल्ली कोणी घेत नाही, म्हणून आधी आभार. पण 'धातू थंड करत गेलं की रोध कमीच होतो' आणि 'अशुद्धी मिसळली की तो वाढतोच' या दोन विधानांतले दोन्ही 'च' मला खटकले. सोबतच्या आलेखात तर रेघ थेट शून्यावर नेऊन टेकवली आहे. शेजारची अकरावीतली मुलगी ते कात्रण घेऊन आली आणि तिने विचारलं, "काका, तांबं पार शून्यापर्यंत थंड केलं तर रोध खरंच शून्य होतो?" (शून्य म्हणजे निरपेक्ष शून्य, उणे २७३ अंश सेल्सिअस.) तिला दिलेलं उत्तर थोडं आवरून इथे लिहितो.

रोजच्या व्यवहारापुरता लेख बरोबरच आहे. वागळे इस्टेटमधल्या कुठल्याही मोटर रिवाइंडिंगवाल्याला विचारा, तांब्याची वाइंडिंग तापली की रोध वाढतो; दर अंशाला साधारण ०.४ टक्के. टोस्टरमधली नायक्रोमची तार मिश्रधातूची, तिची रोधकता तांब्याच्या साठ-सत्तर पट. अणू नीट ओळीत असतील तर इलेक्ट्रॉनची लाट त्यांच्यामधून विनासायास जाते. अणू थरथरू लागले किंवा मध्येच परका अणू आला की ती विखुरते. थंडीत थरथर थांबते, परका अणू मात्र जागेवरच असतो. म्हणून साध्या धातूत तळाशी काही रोध उरतो. (अतिवाहकांची गोष्ट वेगळी, ती इथे नको.) मॅथिसन यांनी रोधाची ही फोड १८६०च्या दशकातच करून ठेवली आहे.

बरं, तळाशी आलेख सपाट होतो म्हणावं, तर तसंही नाही. धातूचा अगदी पातळ, ओबडधोबड थर काही केल्विनपर्यंत, म्हणजे निरपेक्ष शून्याच्या जेमतेम काही अंश वर, थंड केला की रोध पुन्हा हळूहळू वर चढू लागतो. का, ते सांगायला मी त्या मुलीला आमच्या ठाण्यातल्या तलावपाळीवर, मासुंदा तलावाच्या काठी, नेलं.

गडकरी रंगायतनपासून दोन मित्र निघाले. एक मासुंद्याला उजवीकडून फेरी घालतो, दुसरा डावीकडून. भेळवाला, फुगेवाला, चहावाला दोघांनाही लागतात, फक्त क्रम उलटा. प्रत्येक ठिकाणी दोघेही सारखाच वेळ रेंगाळले, तर दोघे रंगायतनपाशी एकाच क्षणी परत भेटतात. (कोपिनेश्वराला सोमसूत्री प्रदक्षिणा घालणाऱ्यांना आल्या वाटेने उलट फिरायची सवय असतेच.) इलेक्ट्रॉनचं वेगळेपण इतकंच, की तो एकटाच दोन्ही बाजूंनी जातो. त्याच्या लाटेचे दोन भाग तेच दोष उलटसुलट क्रमाने पार करून एकाच ठेक्यात परततात आणि एकमेकांत भर घालतात. त्यामुळे निघाल्या जागी परत येण्याची शक्यता दुप्पट होते. जो परत येतो तो पुढे सरकत नाही. रोध किंचित वाढतो. जितकी थंडी जास्त तितका लाटेचा ठेका जास्त वेळ टिकतो आणि तितके मोठे फेरे जुळतात. परिणाम बारीक असतो. १०० ओहमच्या चौकोनी थरात तो हजारात एखाद्या भागाएवढा. याला 'वीक लोकलायझेशन' म्हणतात.

आता अशुद्धीकडे येतो. जड अणूच्या केंद्राजवळून इलेक्ट्रॉन वेगाने जातो, तेव्हा केंद्राचं विद्युतक्षेत्र त्याला चुंबकीय क्षेत्रासारखं भासतं आणि त्याचा स्पिन (त्याच्या अंगचं इवलं चुंबकत्व ज्याच्याशी जोडलेलं असतं तो गुण) थोडा वळतो. हेच स्पिन-ऑर्बिट विकिरण (स्कॅटरिंग). ढोबळ नियमाने त्याची ताकद अणुक्रमांकाच्या चौथ्या घाताने वाढते. मॅग्नेशियमचा अणुक्रमांक १२, सोन्याचा ७९. म्हणजे जवळजवळ १,९०० पट. फेऱ्यात असे धक्के बसले की एका बाजूने गेलेल्या भागाचा स्पिन जसा वळतो, त्याच्या नेमका उलटा दुसऱ्याचा वळतो. त्यात स्पिनची एक विचित्र खोड आहे. ३६० अंश फिरवला तरी तो मूळपदावर येत नाही, त्याच्या लाटेचं चिन्ह उलटतं. त्यासाठी ७२० अंश लागतात. पटत नसेल तर तळहातावर पाण्याची वाटी ठेवा आणि ती न सांडता काखेखालून एक पूर्ण फेरा द्या. वाटी जागेवर येते, हात मात्र पिळलेला राहतो. दुसरा फेरा डोक्यावरून दिला की सुटतो. (आमच्या घरी या प्रयोगात फरशी दोनदा पुसावी लागली.) दोन लाटांची मघाची भर +१ धरली, तर सगळ्या वळणांची सरासरी काढल्यावर तिथे उणे अर्धा येतो. मघाची भर आता वजावट होते, परतणारे इलेक्ट्रॉन घटतात आणि रोधातला हा वाटा खाली झुकतो.

हे गणित हिकामी, लार्किन आणि नागाओका यांनी १९८०मध्ये मांडलं. १९८२मध्ये गर्ड बर्गमन यांनी मॅग्नेशियमच्या पातळ थरावर सोनं शिंपडून ते पडताळलं. सोनं किती, तर अणूंचा एक पूर्ण थरही नाही, त्याचे जेमतेम काही टक्के! नुसता रोध-तापमान आलेख पाहून इथे भागत नाही, कारण इलेक्ट्रॉनांच्या आपसांतल्या ढकलाढकलीनेही रोध तसाच चढतो. म्हणून चुंबकीय क्षेत्र लावतात. त्याने दोन्ही बाजूंच्या लाटांचा ठेका चुकतो आणि ती भर किंवा वजावट पुसली जाते. निव्वळ मॅग्नेशियममध्ये क्षेत्र लावल्यावर रोध उतरला, सोनं पडल्यावर तो चढला. सोन्याने एकूण रोध घटतो, असा अर्थ मात्र कोणी काढू नये. त्याचा नेहमीचा अडथळा असतोच, चिन्ह बदलतं ते या बारीक भागाचं; 'वाढतोच'मधला 'च' मला खटकला तो एवढ्यापुरताच. आणि सोन्याऐवजी लोखंडासारखी चुंबकीय अशुद्धी असेल तर तिसराच प्रकार घडतो. १९६४मध्ये कोंडो यांनी त्याचा उलगडा केला.

लेखात अँडरसन यांच्या १९५८च्या कामाचा (अणूंची रचना फार विस्कळीत असेल तर इलेक्ट्रॉन जागीच अडकतात, हे दाखवणाऱ्या) आणि १९७७च्या नोबेलचा उल्लेख आहे, तो योग्यच. पण पातळ थराचा रोध थंडीत का चढतो याचा पाया घालणारा १९७९चा निबंध चौघांचा आहे, त्यातले एक आपले टी. व्ही. रामकृष्णन. बनारसला शिकलेले, पुढे बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत राहिलेले. त्यांचं नाव गळायला नको होतं.

पुढच्या अंकात निदान तो आलेख सुधारून छापावा, ही विनंती. रेघ शून्याच्या वर थांबवावी आणि टोकाशी किंचित वर वळवावी. मुलीने कात्रण वहीत चिकटवलंय. तूर्त मी त्यावर पेन्सिलीने ते टोक वळवून दिलं आहे.

आपला,
भौतिकशास्त्राचा एक निवृत्त शिक्षक,
नौपाडा, ठाणे (प.)