बाई, तुम्ही माझा ‘पण’ खोडलात

आदरणीय बाई,

तुमचं नाव लिहायचं नाही ही तुमची अट. ती पाळते आहे. पंचवटीत संस्कृत शिकवून निवृत्त झालेल्या बाई काय कमी आहेत? ओळखणारे ओळखतील. आभार मात्र चारचौघांत मानणार, कारण तुमच्या घरी मानायला आले की तुम्ही ‘चहा टाकू का’ म्हणून विषय बदलता.

अण्णांचं वर्षश्राद्ध जवळ आलं होतं आणि दादानं स्मरणिका काढायची ठरवली होती. गावकरी, बागायतदार मंडळी, पाव्हणे, सगळ्यांचे लेख आले. राहिले होते मी. ‘तू कविता करायचीस ना, मग दोन पानं काय जड आहेत तुला,’ असं म्हणून दादा मोकळा झाला. ‘करायचीस’ हा भूतकाळ त्याच्या तोंडून सहज गेला. तो भूतकाळ कसा झाला हे घरात कुणी बोलत नाही.

घरी जमेना म्हणून मी सावानात, म्हणजे नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयात, येऊन बसायला लागले. वाचनालय १८४० सालचं; तिथं बसून आजवर किती जणांनी कागद फाडले असतील कोण जाणे. मी त्यात रोज चार-पाचाची भर घालत होते. तिसऱ्या दिवशी तुम्ही पेपरची घडी करून विचारलंत, ‘अगं, एवढं काय खोडतेयस? मगाचपासून टेबल हलतंय.’ तसं चिडून बोललात म्हणूनच मी खरं सांगितलं. गोड बोलला असतात तर ‘काही नाही’ म्हणून उठून गेले असते.

खरं ते इतकंच. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असताना दिवाळीला घरी गेले होते, निफाडकडच्या आमच्या गावी. माझी कवितांची वही अण्णांच्या हाती लागली. तीत एका मुलाचा उल्लेख होता. मुलगा खरा नव्हता, कवितेपुरता होता. पण हे कुणाला सांगणार? अण्णांनी आवाजही चढवला नाही. मागच्या दारी तांब्याचा बंब होता, त्यात आम्ही द्राक्षाच्या छाटणीच्या वाळलेल्या काड्या घालायचो. त्यांनी वहीची पानं चार-चार करून फाडली, काड्यांसारखीच आत सरकवली आणि वहीचा पुठ्ठा शेवटी घातला. दुसऱ्या दिवशी पहाटे नेहमीसारखी हाक आली, ‘पाणी काढलंय गं, आंघोळ करून घे.’ मी लहान असल्यापासून माझं पाणी तेच काढायचे. कोपर बुडवून बघायचे, कढत वाटलं तर तांब्यानं विसण घालायचे. त्या दिवशीही घातलं. त्याच बंबातलं पाणी. मी आंघोळ केली. पाणी अगदी बेताचं होतं.

हे लिहायचं कसं? एक तर अण्णा देवमाणूस होतात, नाहीतर राक्षस. माझ्या प्रत्येक कागदावर या दोघांपैकी एकच कुणीतरी उतरत होता.

त्यात दादानं मथळा आधीच ठरवून टाकला होता: ‘वज्रादपि कठोराणि मृदूनि कुसुमादपि’. व्हॉट्सॲपवर कुणीतरी पाठवलेलं सुभाषित. मोठ्या माणसांची मनं वज्राहून कठोर आणि फुलाहून मऊ. मीही ते सत्काराच्या मानपत्रांवर वाचलं होतं. तुम्हाला दाखवलं तर तुम्ही हसलात, आणि ते हसू काही बरं नव्हतं. ‘पुढची ओळ कुठं गेली? आणि हे कोण म्हणतंय, कुणाबद्दल, ते ठाऊक आहे का?’ मला नव्हतं. दुसऱ्या दिवशी काळाराम मंदिरामागच्या तुमच्या घरी आले, तेव्हा खाकी कव्हर घातलेलं ‘उत्तररामचरित’ तुम्ही काढूनच ठेवलं होतं.

ते नाटक लिहिणारा आठव्या शतकातला भवभूती. म्हणजे आपल्याच विदर्भातल्या पद्मपूरचा, हे तुम्ही दोनदा सांगितलंत. दुसऱ्या अंकात सीतेची मैत्रीण वासंती, जनस्थानातली वनदेवता, तिला कळतं की रामानं गरोदर सीतेला रानात सोडून दिलं. ती कोसळते. पुढं कळतं की राजानं अश्वमेध मांडलाय. मग यज्ञाला शेजारी कोण, दुसरी बायको केली का? तर नाही. सीतेची सोन्याची मूर्ती करून तीच शेजारी बसवलीय. हे ऐकून वासंतीच्या तोंडून तो श्लोक येतो, आणि त्याचा शेवट आहे, अशी मनं कोण जाणू शकेल? ‘मानपत्रवाल्यांनी त्या ओळीची स्तुती करून टाकली,’ तुम्ही म्हणालात. ‘ते एका हादरलेल्या बाईचं वाक्य आहे. जिला टाकलं तिचीच मूर्ती करून पुजतोय, याचं काय करायचं ते तिला कळत नाहीये.’

जनस्थान म्हटलं की आपल्याला, नाशिककरांना, कुसुमाग्रज प्रतिष्ठानचा पुरस्कार आठवतो. ते आपल्याच गावाचं जुनं नाव, आणि तिसरा अंक तुमच्या गॅलरीतून दिसते त्याच गोदेच्या काठी घडतो, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा नीट कळलं. राम पंचवटीत परत येतो. सीता तिथंच आहे, पण कुणाला दिसत नाही. वासंती त्याला त्याचेच लाडाचे शब्द ऐकवते: तू माझा जीव, तू माझं दुसरं हृदय, डोळ्यांचं चांदणं. अशा शेकडो गोड बोलांनी त्या भोळीला भुलवलंस, आणि तिलाच… इथं ती थांबते. जाऊ दे, पुढं बोलण्यात काय अर्थ, म्हणते. वाक्य तसंच लोंबत राहतं. तुम्ही बोट ठेवून ‘तामेव’, म्हणजे ‘तिलाच’, हा शब्द दोनदा वाचलात आणि खाली घाटावर भांडी आपटल्याचा आवाज आला, तो मला अजून ऐकू येतो.

मग ती त्याला तोंडावर ‘अयि कठोर’ म्हणते. आणि न दिसणारी सीता काय करते? ती मैत्रिणीला म्हणते, कठोर तर तूच आहेस, आधीच होरपळलेल्याला आणखी का बोलतेस! मला वाटलं तुम्ही आता सांगाल, बघ, किती क्षमाशील. तुम्ही म्हणालात, ‘क्षमा नाही गं ती. तिला राग आहेच, अंकभर आहे. तो मूर्च्छित पडला की हातही तीच लावते. भवभूती दोन्हीतलं एकही खोटं पाडत नाही.’ शेवटी नाटकात सगळे भेटतात, तो सातवा अंक तुम्ही वाचत नाही म्हणालात. मी नंतर वाचला. मलाही नाही आवडला.

मी हुशारी करायला ‘पृथ्वीचे प्रेमगीत’ काढलं. जाळणाऱ्या सूर्यावरच जीव जडलेली पृथ्वी, १९४२च्या ‘विशाखा’तली, नाशिकच्या माणसाला कुसुमाग्रज तोंडपाठ असावेतच. तुम्ही मान हलवलीत, पण म्हणालात, ‘तिनं दूर राहून मनानं निवडलेलं आहे ते. तू तर अण्णांच्या घरात जन्मलीस.’ मी गप्प बसले. आणि मग रोमन कवी कातुल्लुसच्या दोनच ओळी सांगितल्यात: द्वेष करतो आणि प्रेमही करतो. असं का, विचारशील. ठाऊक नाही, पण तसं होतंय हे जाणवतं आणि जीव पिळवटतो. ‘ठाऊक नाही, एवढं मोकळेपणानं म्हणता आलं पाहिजे लिहिणाऱ्याला.’

एक गोष्ट मात्र मी तुमच्याशी वाद घालून हरले. अण्णांचं आवडतं वाक्य होतं, ‘छाटल्याबिगर घड येत नाही.’ ऑक्टोबरची गोडी छाटणी, द्राक्षाला फळ धरावं म्हणूनची, आठवून मी लिहिलं होतं की त्यांचा कठोरपणा म्हणजे मायेचंच दुसरं रूप. मला ते फार सुंदर वाटलं होतं. तुम्ही चष्मा काढलात. ‘कात्री धरणाऱ्याकडून उपमा घ्यायची नाही. वेलीला विचारलं का कुणी?’ तीन परिच्छेद गेले. बरं झालं. वही जाळण्यात माया नव्हती. माया होती ती पाण्यात.

मग तुमची पेन्सिल चालली. माझ्या मसुद्यात ‘वही जाळली, पण जीव होता’, ‘कडक होते, पण कधी उपाशी ठेवलं नाही’ अशी वाक्यं एकामागून एक होती. तुम्ही एकेका ‘पण’वर काट मारलीत. ‘तो आला की मागचं पुसलं जातं. पूर्णविराम दे आणि पुढचं वाक्य लिही.’ सात ‘पण’ निघाले. मोजलेत.

स्मरणिका छापून झाली. दादानं हट्ट धरला म्हणून मथळा तोच राहिला, पण श्लोक पूर्ण छापायला लावला. माझ्या लेखात बंब आहे, वही आहे, कोपर बुडवणं आहे. शेवटचं वाक्य वासंतीसारखं अर्धवट सोडलंय.

वर्षश्राद्धानंतर दोन दिवसांनी दादाचा फोन आला. ‘प्रेसवाल्यानं तुझी शेवटची ओळ खाल्ली वाटतं.’ मी म्हटलं, नाही, तेवढीच आहे. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, ‘मला नाही कधी पाणी काढून दिलं त्यांनी,’ आणि फोन ठेवला.

हे तुम्हाला सांगायचं राहिलं होतं, बाई. रविवारी येते. दादालाही घेऊन येऊ का?

तुमची,
टेबल हलवणारी