मीटर सरासरी सांगतो, घसरण नाही

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

‘मल्टीमीटर डीसीवर ठेवा, आकडा बरोबर आला की पॉवर सप्लाय ठीक’ हा आपल्या पुरवणीतला सल्ला वाचला. त्याच समजुतीपायी एका अ‍ॅम्प्लिफायरवर माझ्या दोन संध्याकाळी गेल्या, म्हणून लिहितो.

स्पीकरमधून सतत घूंऽऽ. आत एसीची डीसी करणारा चार डायोडचा साधा ब्रिज, ती सपाट करणारा 2200 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, पुढे स्थिर 15 व्होल्ट देणारा 7815 रेग्युलेटर. रेग्युलेटरच्या इनपुटला मीटर 17.4 व्होल्ट दाखवत होता. हवेत 15, वर रेग्युलेटरला लागणारे दोनेक व्होल्ट शिल्लक. म्हणजे भागायला हवे. मी रेग्युलेटर बदलला. मग पुढचे कपॅसिटर बदलले. आवाज होता तसाच. शेवटी व्होल्टेजचा चढउतार पडद्यावर रेखाटणारा ऑसिलोस्कोप लावला. व्होल्टेज 20 पर्यंत चढून 15 पर्यंत घसरत होते आणि मीटर इमानेइतबारे सरासरी सांगत होता! घसरण सेकंदाला 50 वेळा. 50 हर्ट्झच्या विजेवर धड ब्रिज असता तर ती 100 वेळा दिसली असती आणि निम्म्याहून कमी खोल असती. ब्रिजमधला एक डायोड ओपन झाला होता, म्हणजे वीज जाऊच देत नव्हता.

हा चढउतार म्हणजे रिपल. तो मोजायचा तर लोड, म्हणजे सप्लायवर चालणारे सर्किट, जोडूनच मोजावा. रिकाम्या सप्लायवर तो जवळजवळ नसतोच. स्कोप एसी कपलिंगवर ठेवला की डीसी अडते आणि बारीक रिपलही मोठा करून पाहता येतो. प्रोबची (स्कोपच्या मोजणीच्या वायरीची) लांब ग्राउंड वायर मात्र भोवतालचा गोंगाट गोळा करते. म्हणून मी आधी प्रोबचे टोक त्याच्याच ग्राउंड क्लिपला टेकवतो, क्लिप सर्किटला लावलेलीच ठेवून. तेव्हाही पडद्यावर जे उरते, ते सप्लायच्या माथी मारू नये.

स्कोप नसेल तर मीटरच्या एसी रेंजवर अंदाज येतो. काही स्वस्त मीटर डीसीही त्यात मिसळतात, तेव्हा वायरीत एक कपॅसिटर घालावा. येणारा आकडा आरएमएस, म्हणजे एक प्रकारची सरासरी, असतो. करवतीच्या दातांसारख्या रिपलला त्याची साधारण साडेतीन पट केली की शिखरापासून तळापर्यंतचे अंतर मिळते.

हे सगळे ट्रान्सफॉर्मरवाल्या सप्लायपुरते. एसएमपीएसमध्ये (स्विचिंग सप्लायमध्ये) थेट मेन्सवरच्या, म्हणजे घरच्या विजेवरच्या, ब्रिजला स्कोपची क्लिप कधीही लावू नये. ती क्लिप अर्थिंगला जोडलेली असते. थेट शॉर्ट होईल.

आपला,
इलेक्ट्रॉनिक्स दुरुस्तीतला एक जुना वाचक