बांध पेटवण्याआधी एकदा वाकून बघा

महोदय,

होळी झाली की आमच्या पाटोदा तालुक्यात बांध पेटवायला सुरुवात होते. कुसळं, बोराटी जळून गेली की रान मोकळं होतं, म्हणून मीही वीस वर्षं हेच केलं. गेल्या चैत्रात शेजारच्या बांधाची आग आमच्या माळावर आली. दुसऱ्या दिवशी राखेत टिटवीची चार अंडी दिसली. ढेकळाच्या रंगाची, काळपट ठिपक्यांची, तडकलेली. टिटवी झाडावर घरटं करत नाही. खड्यांच्या खळगीत अंडी घालते आणि साधारण २८ दिवस उबवते. जोडी संध्याकाळपर्यंत डोक्यावर ओरडत होती.

तेव्हापासून ढोरं सोडायच्या आधी बांधावरून रोज चक्कर मारतो. आपण ज्याला उजाड म्हणतो, त्या रानात किती काही चाललेलं असतं! पळसावर साळुंक्या आणि शिंजीर मधासाठी भांडतात. रुईच्या पानाखाली काळ्या-पिवळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या अळ्या असतात, फुलपाखराच्या. भूछत्र म्हटलं की आपल्याला पावसाळाच आठवतो. पण वाळल्या बाभळीच्या खोडाला चतकोर भाकरीएवढी बुरशी आत्ताही आहे, लाकडासारखी टणक. खालून पाहिली तर सुईनं टोचल्यासारखी भोकं. मेलेलं लाकूड मातीला मिळवायचं काम तिचंच. रोहींच्या (नीलगायींच्या) लेंड्यांचा ढीग एकाच जागी वाढत जातो, कारण ते पुन्हा पुन्हा तिथंच येतात. कोल्ह्याच्या विष्ठेत बोराच्या बिया सापडल्या, तेव्हा बांधावर न लावता बोराटी कुठून येते ते कळलं.

नायगावच्या मयूर अभयारण्यामुळे आमच्या तालुक्याचं नाव आहे. मोरासाठी जंगल राखायचं आणि टिटवीचा बांध जाळायचा, हे मला पटत नाही. बांधाचं गवत कापून फळझाडांच्या बुडाला आच्छादन घालता येतं; मजुरी लागते, हे खरं, पण ओल टिकते. ग्रामपंचायतींनी होळीच्या आधीच गायरानाभोवती जाळरेषा, म्हणजे आग पुढं जाऊ नये म्हणून गवत काढून मोकळे केलेले पट्टे, काढाव्यात आणि बांध पेटवू नयेत अशी दवंडी द्यावी. गुरुजींनी एका सकाळी पोरांना शिवारात आणावं; दाखवायला मी येईन.

यंदा टिटवी त्याच माळावर आली आहे. नांगर वरून जाऊ नये म्हणून मी चार बाजूंनी चार दगड ठेवले आहेत. परवा तीन अंडी होती, आज चौथं दिसलं.

– एक शेतकरी वाचक, ता. पाटोदा, जि. बीड